अपंग बालके आणि प्रभूची पंगत

वसईच्या, गोव्याच्या किंवा बेळगावच्या एखाद्या ख्रिस्तमंदिरात प्रथम ख्रिस्तप्रसादाचा रविवार म्हणजे सणाचाच दिवस. पांढरेशुभ्र झगे घातलेल्या मुली, नवे सदरे घातलेले मुलगे, त्यांच्या हातांतील मेणबत्त्या आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले आजी-आजोबा, मामा, मावश्या असे ते दृश्य असते. आठ-नऊ वर्षांची ती मुले रांगेने वेदीपाशी जातात आणि आयुष्यात प्रथमच ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. घरी मग गोडधोड होते, छायाचित्रे काढली जातात. अशा वेळी रांगेत उभ्या असलेल्या मुलांवरच सर्वांची नजर खिळलेली असते. जे मूल रांगेत नाही, त्याची आठवण सहसा कोणालाही होत नाही.

समजा, त्याच वयाची एक मुलगी शेवटच्या बाकावर आईला टेकून बसली आहे. तिला बोलता येत नाही. तिच्या बुद्धीची वाढ तिच्या वयाच्या फार मागे राहिली आहे. तिचा धाकटा भाऊ आज रांगेत आहे, ती नाही. "हिला काय समजणार?" असे तिच्या आईला तोंडावर कोणीही म्हटलेले नाही. केवळ यादी करताना तिचे नाव घालण्याचे कोणाला सुचले नाही, इतकेच. आईनेही विचारले नाही. कारण नकार ऐकण्यापेक्षा न विचारणे तिला सोपे वाटले. अशा रीतीने कोणीही दार न लावता एक दार बंद होते.

ख्रिस्तसभेचा नियम या मुलीला खरोखरच बाहेर ठेवतो काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. नियम तिला बाहेर ठेवीत नाही. तिला बाहेर ठेवते ती सवय. नियम आणि सवय यांतील हे अंतर कसे पडले आणि ते कसे मिटविता येते, हे समजून घेण्यासारखे आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभा सात संस्कार मानते. त्यांपैकी लहान मुलांशी विशेष संबंध येतो तो पाचांचा. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती जीवनात प्रवेश देणारा स्नानसंस्कार. दृढीकरण म्हणजे तैलाभिषेकाने पवित्र आत्म्याचे बळ देणारा संस्कार. ख्रिस्तप्रसाद म्हणजे भाकर व द्राक्षारस यांच्या रूपाने ख्रिस्ताचे शरीर व रक्त स्वीकारणे. पापनिवेदन म्हणजे अपराध कबूल करून क्षमा मिळविणे. आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणजे रुग्णाला धीर व बळ देणारा संस्कार. या सर्वांच्या मुळाशी एक समजूत आहे. संस्कार ही देवाने द्यावयाची आणि माणसाने घ्यावयाची देणगी आहे. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल मिळणारे ते बक्षीस नव्हे. तान्ह्या बालकाला बाप्तिस्मा देण्याची प्रथा याच समजुतीवर उभी आहे; कारण त्या बालकाला काहीही समजत नसते, आणि त्याच्या वतीने आईबाप व धर्ममातापिता श्रद्धा व्यक्त करीत असतात.

ख्रिस्तप्रसादाच्या बाबतीतही प्रारंभी असेच होते. पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती परंपरांत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा, तैलाभिषेक आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही एकाच वेळी देण्याची चाल आजही आहे. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेतही बाराव्या शतकाच्या सुमारापर्यंत तान्ह्या मुलांना ख्रिस्तप्रसाद दिला जात असे. पुढे ही चाल मागे पडली. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने असा नियम केला की, विवेकाच्या वयाला पोहोचलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे व ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा. विवेकाचे वय म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न मात्र त्यानंतर शतकानुशतके वादाचा होऊन बसला.

वाद सुरू झाला की माणसे सावधपणाकडे झुकतात. मुलाने धर्मतत्त्वे चांगली पाठ करावीत, त्यांचा अर्थ सांगावा, मगच त्याला वेदीपाशी न्यावे, असा कल वाढत गेला. कोठे दहा, कोठे बारा, तर कोठे चौदा वर्षे वय होईपर्यंत मुलांना थांबविले जाऊ लागले. त्यामागे पवित्र वस्तूबद्दलचा आदर होता, हे नाकारता येत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, ख्रिस्तप्रसाद ही वर्गाच्या शेवटी मिळणारी पदवी होय अशी भावना रुजली. ज्याला पाठांतर साधत नाही, त्याला पदवी नाही! बुद्धीने मंद असलेल्या मुलाची वाट अशा ठिकाणी आपोआपच अडते.

ही अडवणूक ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या काळात निघालेल्या एका हुकूमनाम्याने मोडून काढली. या हुकूमनाम्याने विवेकाचे वय सुमारे सात वर्षे, थोडे पुढेमागे, असे सांगितले. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी धर्मतत्त्वांचे संपूर्ण ज्ञान आवश्यक नाही. मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे श्रद्धेची मूलतत्त्वे जाणावीत आणि वेदीवरील भाकर व रोजची भाकर यांतील भेद ओळखावा, एवढे पुरे, असे त्याने ठरविले. मूल तयार झाले आहे की नाही, हे ठरविण्याचे काम त्याने मुख्यतः मुलाच्या वडिलांकडे व त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूकडे सोपविले. विवेकाच्या वयाला आलेली मुले मरणाच्या दारी असताना त्यांना अखेरचा ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग नाकारण्याची जी रूढी काही ठिकाणी पडली होती, तिचा तर त्याने कडक शब्दांत निषेध केला.

या हुकूमनाम्याच्या संदर्भात आयर्लंडमधील एका बालिकेची कथा सांगितली जाते. तिचे नाव एलन ऑर्गन. घरचे सारे तिला नेली म्हणत. तिचा जन्म १९०३ सालचा. वडील सैन्यात होते, आई क्षयाने वारली. आणि १९०७ साली नेली कॉर्क शहरातील धर्मभगिनींच्या आश्रमात आली. तिच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली होती. पुढे क्षयाने तिला ग्रासले आणि तिचा जबडाही सडत गेला. चार वर्षांची ती मुलगी वेदीवरील ख्रिस्तप्रसादाला "पवित्र देव" म्हणे आणि तो मिळावा म्हणून सारखी विनवणी करी. तिला काय कळते, याची एका धर्मगुरूने चौकशी केली. बिशपांनी परवानगी दिली. ६ डिसेंबर १९०७ रोजी तिला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला आणि २ फेब्रुवारी १९०८ रोजी तिने देह ठेवला. या मुलीची हकीकत कानी आल्यावरच दहाव्या पायस यांनी १९१० चा निर्णय घेतला, असे भाविक लोक सांगत आले आहेत. हुकूमनाम्यात तिचे नाव नाही. पण तिच्या कथेतून दिसते ते एवढेच की, वेदीवर काय आहे हे चार वर्षांच्या, आजाराने पोखरलेल्या मुलीलाही ओळखता आले. आणि ते ओळखण्यासाठी तिला कोणतेही पुस्तक पाठ करावे लागले नाही.

आज ख्रिस्तसभेत लागू असलेली लॅटिन धर्मसंहिता १९८३ सालची आहे. तिच्या ९१३ व्या कलमात मुलांच्या ख्रिस्तप्रसादाबद्दल दोन भाग आहेत. सर्वसाधारण परिस्थितीत मुलाला पुरेसे ज्ञान असावे व त्याची काळजीपूर्वक तयारी झालेली असावी, म्हणजे ख्रिस्ताचे गूढ त्याला आपल्या कुवतीप्रमाणे समजेल, असे पहिला भाग सांगतो. दुसरा भाग मरणाच्या संकटात सापडलेल्या मुलांबद्दल आहे. त्यांनी ख्रिस्ताचे शरीर व साधे अन्न यांतील भेद ओळखावा आणि आदराने ते स्वीकारावे, एवढीच अट तेथे आहे. पहिल्या भागातील "आपल्या कुवतीप्रमाणे" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. कुवत सर्वांची सारखी नसते. म्हणून मोजमापही सर्वांना एकच लावता येत नाही. याच संहितेचे ७७७ वे कलम धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर असे कर्तव्य घालते की, शरीराने किंवा मनाने अपंग असलेल्यांनाही, त्यांच्या स्थितीला झेपेल तेवढे धर्मशिक्षण त्याने मिळवून द्यावे. ८४३ वे कलम तर सांगते की, योग्य वेळी संस्कार मागणाऱ्या, योग्य मनोभूमिका असलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या व्यक्तीला तो नाकारण्याची मुभा धर्मगुरूंना नाही.

दृढीकरणाचा नियमही असाच वाचला पाहिजे. मरणाचे संकट नसताना, ज्याला विवेकबुद्धी आहे त्याने शिक्षण घेतलेले असावे व बाप्तिस्म्यातील वचने पुन्हा उच्चारण्यास तो समर्थ असावा, असे ८८९ व्या कलमात म्हटले आहे. म्हणजे ही अट विवेकबुद्धी असलेल्यासाठी आहे. ज्याला ती लाभलेली नाही, त्याच्यावर ती लादलेली नाही. बाप्तिस्म्याबाबत ८५२ वे कलम आणखी सरळ आहे. ज्याला स्वतःचे भान नाही, अशी व्यक्ती वयाने कितीही मोठी असली तरी तिला बालकच समजावे, असे ते सांगते.

नियमांच्या या ओळींना अलीकडच्या पोपांनी आणखी स्पष्ट केले आहे. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्तप्रसादावरील आपल्या उपदेशपत्रात म्हटले की, बाप्तिस्मा व दृढीकरण झालेल्या, बुद्धीने अपंग असलेल्या व्यक्तींना शक्य असेल तेथे ख्रिस्तप्रसाद द्यावा; त्यांच्याबरोबर असलेल्या कुटुंबाच्या किंवा समाजाच्या श्रद्धेतही त्या तो स्वीकारीत असतात. २०२० साली रोमने प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर असे निक्षून सांगितले की, अपंगत्व तीव्र असले तरी अशा व्यक्तींना संस्कारांच्या पूर्ण जीवनाचे बोलावणे आहे आणि कोणीही त्यांना संस्कार नाकारू शकत नाही. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात आईबापांची श्रद्धा मुलाच्या उपयोगी पडते. तेच तत्त्व येथे पुढच्या संस्कारांपर्यंत नेलेले आहे.

येथे कोणी विचारील की, जी मुलगी बोलत नाही, तिला भेद ओळखता आला हे जाणावे कसे? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात न शोधता घरात शोधावे. कोणत्याही मराठी घरातील लहान मूल फडताळातील खाऊचा डबा आणि देवघरापुढील प्रसादाची वाटी यांत फरक करते. खाऊसाठी ते हट्ट करते, धावते, हिसकावते. प्रसादासाठी मात्र हात पुढे करून उभे राहते. त्याला हे कोणी व्याख्या सांगून शिकविलेले नसते. आजीचा हळू झालेला आवाज, आईचे जोडलेले हात, समईचा प्रकाश यांतून ते शिकते. नैवेद्य व ख्रिस्तप्रसाद यांच्यामागील श्रद्धा वेगवेगळ्या आहेत, हे खरे. परंतु लहान जीव पवित्र वस्तू कशी ओळखतो, याची रीत मात्र सर्वत्र एकच आहे. ती मुलगी घरी पोळीचा तुकडा मिळाला की ओरडते, तो कुस्करते, जमिनीवर टाकते. पण तीच मुलगी मिस्सेच्या वेळी घंटा वाजली की क्षणभर स्तब्ध होते आणि आईबरोबर रांगेत जाण्यासाठी तिचा हात ओढते, असे दिसले, तर तिच्या परीने तिने उत्तर दिलेले आहे. ते उत्तर ऐकण्यासाठी परीक्षकाचे कान उपयोगी नाहीत. रोज तिच्याबरोबर वावरणाऱ्याचे डोळे हवेत.

ही गोष्ट ख्रिस्तसभेला एकदम कळली असे मात्र नाही. मूक-बधिर मुलांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. श्रद्धा ऐकण्यातून उपजते, असे संत पौलाच्या पत्रात आहे. या विधानाचा अक्षरशः अर्थ लावून, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत श्रद्धा पोहोचणार नाही, असा निष्कर्ष काढणारे लोक होते. सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेओन नावाच्या एका मठवासी साधूने सरदार घराण्यांतील बधिर मुलांना बोलावयास व लिहावयास शिकवून तो निष्कर्ष खोटा ठरविला. पुढे अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंची दोन बधिर बहिणींशी गाठ पडली. चित्रांच्या साहाय्याने त्यांना धर्म शिकविणारे धर्मगुरू वारले होते आणि त्या मुलींचे शिक्षण तेथेच थांबले होते. या मुली श्रद्धेविना व संस्कारांविना राहतील, ही कळकळ लेपे यांना स्वस्थ बसू देईना. बधिर लोक आपसांत ज्या खुणा करीत त्या त्यांनी अभ्यासल्या, त्यांतून शिकविण्याची पद्धत बसविली आणि गरीब-श्रीमंत असा भेद न करता मुलांना शिकविणारी शाळा काढली. १७८९ साली त्यांचा मृत्यू झाला, त्यानंतर ती शाळा राष्ट्राने आपल्याकडे घेतली. बधिरांच्या सार्वजनिक शिक्षणाच्या इतिहासात हे नाव अग्रभागी आहे. आणि त्या कार्याचा उगम दोन मुलींच्या धर्मशिक्षणाच्या चिंतेत आहे.

मराठी वाचकाला या गोष्टीचे मर्म समजणे कठीण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. कारण ज्या लोकांना ते शिकवीत होते, त्यांना परकी भाषा नको होती, आपल्या कानांना ओळखीची कथा हवी होती. मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच चालू राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, तेव्हा लोकभाषांना वाट मिळाली आणि पुढे वसईच्या वेदीवर मराठी, गोव्याच्या वेदीवर कोकणी ऐकू येऊ लागली. त्याच दशकात बधिरांसाठी खुणांच्या भाषेलाही उपासनेत स्थान मिळाले. शेतकऱ्याला त्याची भाषा द्यावी, हे जर योग्य, तर बोलू न शकणाऱ्या मुलाला त्याची स्पर्शाची, चित्राची, खुणेची भाषा देणे हे त्याच न्यायाचे पुढचे पाऊल होय.

हे पाऊल प्रत्यक्षात कसे टाकावे, याची पद्धत आता अनेक देशांत तयार झालेली आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९६० च्या दशकात बुद्धीने मंद असलेल्यांच्या धर्मशिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात वर्गाऐवजी लहानसा गट असतो आणि प्रत्येक मुलाबरोबर एक मोठी व्यक्ती सोबती म्हणून बसते. आधी शांतपणे हातांनी करावयाचे एखादे काम असते. मग सर्वजण गोलाकार बसतात, रोजच्या जीवनातील एखादा अनुभव आठवतात आणि त्यातून शुभवर्तमानाकडे वळतात. सोबती बदलत नाही, बसण्याची जागा बदलत नाही. मुलाला विषय कळण्याआधी माणूस कळतो, आणि त्या माणसाच्या विश्वासातून विषय कळतो.

छोट्या धर्मग्रामात असा गट नसला तरी पुष्कळ करता येते. ख्रिस्तमंदिर रिकामे असताना मुलाला तेथे आणून फिरवावे. वेदी, मेणबत्ती, तीर्थपात्र यांना ओळखीचे करावे. गर्दी व कर्णे यांचा ज्याला त्रास होतो, अशा मुलासाठी लहान, शांत मिस्सा योजावी. गव्हाच्या पिठाची पातळ चकती तोंडात घेण्याचा सराव, ती अर्पण होण्यापूर्वीची साधी चकती घेऊन, पुन्हा पुन्हा करावा; कारण ओळख नसलेला पदार्थ काही मुले थुंकून टाकतात, आणि मग आई लाजेने पुन्हा येत नाही. गिळणे कठीण असेल तर अगदी लहान तुकडा द्यावा. भाकरीच्या रूपाने घेणे शक्यच नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपाने ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ९२५ व्या कलमात आहे, आणि तो थेंबभर असला तरी पूर्णच असतो. कारण दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात संपूर्ण ख्रिस्त आहे, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. गव्हातील चिकट द्रव्य ज्यांना सोसत नाही, अशांसाठी ते अत्यल्प असलेल्या चकत्या चालतात, असे रोमने २००३ साली व पुन्हा २०१७ साली कळविले आहे. मात्र ते द्रव्य मुळीच नसलेली चकती चालत नाही.

पापनिवेदनाविषयी आईबापांना फार धास्ती असते. तिचे कारण नाही. ज्या मुलाला बऱ्यावाइटाची जाणीव आहे, ते खुणेने, चित्रावर बोट ठेवून किंवा मान हलवूनही आपला पश्चात्ताप दाखवू शकते. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्यास ९९० व्या कलमाची परवानगी आहे आणि त्या दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन आहे. ज्या मुलाला ती जाणीवच नाही, त्याच्या हातून पाप घडत नाही. मग त्याच्याकडून कबुली कसली मागावयाची?

आता आजारी मुलांकडे वळावयास हवे. अपंग मुलाच्या बाबतीत सवय आडवी येते, तर आजारी मुलाच्या बाबतीत भीती आडवी येते. जुन्या काळी तैलाभ्यंगाला "अंतिम अभ्यंग" असे म्हणत. त्यामुळे धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन दारात आले म्हणजे आशा संपली, असे घरच्यांना वाटे, आणि पोराला घाबरवू नये म्हणून ते त्यांना बोलावीतच नसत. १९६३ च्या त्याच दस्तऐवजाने या संस्काराला "आजाऱ्यांचा अभ्यंग" म्हणणे अधिक योग्य असल्याचे सांगितले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. आजाराने जीव धोक्यात येऊ लागला की तो द्यावा. रुग्ण बरा होऊन पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर तो पुन्हा देता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो देतात. या संस्काराने बळ मिळते आहे एवढी समज ज्या मुलाला आहे, त्याला तो द्यावा असे विधीत आहे. आणि मूल त्या समजेच्या वयाला आले आहे की नाही याची शंका असेल, तर १००५ वे कलम शंकेचा फायदा मुलाला देते: संस्कार द्यावा.

मरणाचे संकट आले की कायदा आपली सारी कुलुपे सैल करतो, हे येथे ध्यानात येते. बाप्तिस्मा न झालेले बालक अत्यवस्थ असेल तर विलंब न लावता बाप्तिस्मा द्यावा. धर्मगुरू नसतील तर योग्य हेतू असलेला कोणीही मनुष्य, मग ती रात्रपाळीची परिचारिका का असेना, पाणी ओतून व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेऊन तो देऊ शकते. दृढीकरण हे एरवी बिशपांचे काम. पण अशा वेळी कोणताही धर्मगुरू ते करू शकतो, आणि वयाची अट उरत नाही. रुग्णाला व त्याची शुश्रूषा करणाऱ्याला ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचेही बंधन नाही. म्हणून ज्यांचे मूल रुग्णालयात दीर्घकाळ पडून आहे, त्यांनी धर्मगुरूंना लवकर कळवावे. मूल शुद्धीवर असताना, त्याला हसता-बोलता येत असताना, घरची माणसे भोवती असताना जो संस्कार होतो, तो त्या खाटेवरचा सण होऊ शकतो. शुद्ध हरपल्यावर घाईने उरकलेला विधी तेवढेच देतो खरे. पण मुलाच्या आठवणीत तो राहत नाही.

कायदा एवढा उदार असूनही दार बंद राहते, याचे कारण अखेरीस समाजाच्या वागणुकीत आहे. फ्रान्समधील एका दांपत्याला दोन मुलगे होते, दोघेही अत्यंत अपंग. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लूर्द या तीर्थक्षेत्री जावयाचे ठरविले, तेव्हा यात्रेच्या मेळ्यात त्यांना घेण्यास नकार मिळाला. ते स्वतःच गेले, तर उतरण्याची जागा महत्प्रयासाने मिळाली आणि तेथेही इतर पाहुण्यांना त्रास नको म्हणून जेवण खोलीतच घ्यावे लागले. आजाऱ्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या गावी असे घडावे! या दुःखातून एक विचार जन्मला आणि १९७१ च्या ईस्टरला अपंग व्यक्ती, त्यांचे आईबाप व मित्र असे सुमारे बारा हजार लोक पंधरा देशांतून लूर्दला जमले. त्यातून अनेक देशांत लहान लहान गट निर्माण झाले. ते महिन्यातून एकदा भेटतात, प्रार्थना करतात आणि एकत्र जेवतात.

एकत्र जेवणे हा शब्द येथे सहज आलेला नाही. ख्रिस्तप्रसाद ही मुळात पंगत आहे. येशूने आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या अखेरच्या भोजनातून ती चालत आली आहे. आपल्याकडे पंगतीची एक रीत आहे. पाने मांडताना घरातले कोण जेवावयाचे राहिले, याची मोजदाद यजमानाने करावयाची असते. राहिलेल्याने स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मागावयाचे नसते. कोणाला मांडी घालता येत नसेल तर पाट देतात, कोणाला स्वतःच्या हाताने खाता येत नसेल तर जवळ बसून घास भरवितात. पण त्याला जेवणाचे शास्त्र समजत नाही म्हणून कोणी त्याचे पान उचलीत नाही.

म्हणून पुढच्या वर्षीची यादी करताना धर्मग्रामाने एक काम करावे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आठ-दहा वर्षांमागची पाने उघडावीत आणि त्या वर्षी बाप्तिस्मा झालेली कोणती मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात दिसत नाहीत, ते पाहावे. काही कुटुंबे गाव सोडून गेलेली असतील. एखादे नाव मात्र असे सापडेल की, ते मूल गावातच आहे, चार घरे पलीकडे, खिडकीपाशी बसलेले. त्या घरी कोणीतरी जावे आणि आईने विचारण्याची वाट न पाहता स्वतःच म्हणावे, "बाई, तुमच्या मुलीच्या तयारीला केव्हा सुरुवात करू या?"